स्नेह आणि स्मृती

(ज्येष्ठ नागरिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी योजलेल्या व्याख्यानमालेत एका अनुभवी चिकित्सकाने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



"आहारातील स्निग्ध पदार्थ आणि वार्धक्यातील स्मरणशक्ती" असा विषय आपण मला दिला आहे. या विषयावर बोलण्यापूर्वी माझ्या दवाखान्यातील एक प्रसंग सांगण्याची अनुमती घेतो.

काही वर्षांपूर्वी एक वृद्ध दांपत्य माझ्याकडे आले. गृहस्थ निवृत्त शिक्षक आणि जुने स्वयंसेवक. नगराच्या गुरुदक्षिणेचा हिशेब त्यांनी सलग पंचवीस वर्षे सांभाळला आणि त्यात कधी पैचाही फरक पडला नाही, असा त्यांचा लौकिक होता. त्या वर्षी मात्र तीन वेळा बेरीज करूनही हिशेब जुळेना. वही बाजूला ठेवून ते नुसतेच बसून राहिले, तेव्हा घरच्यांच्या लक्षात आले की काहीतरी बिघडले आहे. माझ्यासमोर त्यांनी गीतेचा पंधरावा अध्याय अस्खलित म्हणून दाखविला. अध्याय संपताच पत्नीकडे वळून त्यांनी विचारले, "आपण जेवून निघालो का गं?" घरातून निघून त्यांना जेमतेम एक तास झाला होता.

परदेशी स्थायिक झालेल्या मुलाने माशाच्या तेलाच्या महागड्या कॅप्सूल पाठविल्या होत्या. घर पूर्ण शाकाहारी. तरीही औषध म्हणून त्या सहा महिने नेमाने चालू होत्या. तपासणी आटोपल्यावर त्या माउलीने मुलाला बाहेर बसावयास सांगितले आणि हलक्या आवाजात मला विचारले, "डॉक्टर, ह्यांनी पन्नास वर्षे माझ्याच हातचे खाल्ले. आमच्याकडे डालडा होता, नंतर पिशवीतले तेल आले. माझे काही चुकले का हो?"

त्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा नीट देता आले नाही. आज आपल्यासमोर ते देण्याचा प्रयत्न करणार आहे.

दोन अर्थांचा एक शब्द

आपल्या भाषेत तेला-तुपाला "स्नेह" म्हणतात आणि मायेलाही "स्नेह" म्हणतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात तेरावा अध्याय या स्नेहांनाच वाहिलेला आहे. तूप, तेल, वसा आणि मज्जा असे चार प्रकार तेथे सांगितले आहेत. आधुनिक शरीरशास्त्र सांगते की, मेंदूतील पाणी वजा केले तर उरलेल्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग स्निग्ध द्रव्यांचा असतो. मज्जातंतूंवरचे आवरण स्निग्ध, प्रत्येक पेशीची भिंत स्निग्ध आणि एका पेशीकडून दुसऱ्या पेशीकडे निरोप जातो तो या भिंतीतूनच. भिंत लवचीक असेल तर निरोप सुरळीत जातो.

ही भिंत ज्या मेदाम्लांनी घडते, त्यांपैकी काही शरीर स्वतः तयार करते. दोन मात्र त्याला तयार करता येत नाहीत. ती अन्नातूनच यावी लागतात. मिनेसोटा विद्यापीठातील जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९-३० मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून हे दाखवून दिले. तोपर्यंत स्निग्ध पदार्थ म्हणजे केवळ इंधन अशी समजूत होती. त्यांना "अत्यावश्यक मेदाम्ले" हे नाव मिळाले ते त्यानंतर.

दोन कुळे, एक घाणा

या अत्यावश्यक मेदाम्लांची दोन कुळे आहेत. पहिले ओमेगा-६. करडई, सूर्यफूल, मका, तीळ, कारळे यांच्या तेलांत त्याचे प्रमाण भरपूर असते. दुसरे ओमेगा-३. हे आपल्या नेहमीच्या तेलांत फार दुर्मीळ. जवसाच्या तेलाचा निम्म्याहून अधिक भाग या कुळातील अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो. मोहरीत ते दहा टक्क्यांच्या आसपास, सोयाबीनमध्ये सहा-सात टक्के. शेंगदाणा, सूर्यफूल आणि करडईत जवळजवळ नाहीच.

मेंदूला हवे असते ते याच कुळातील, पण पुढच्या पायरीवरचे डीएचए नावाचे मेदाम्ल. मेंदूतील ओमेगा-३ चा बहुतांश साठा डीएचएच्याच रूपात असतो. बांगडा, तारली, पेडवे अशा तेलकट माशांत ते तयार मिळते. शाकाहारी माणसाच्या शरीराला मात्र जवसातील वा अक्रोडातील मूळ द्रव्यापासून ते घडवावे लागते. हे काम करणारी विकरे दोन्ही कुळांसाठी एकच आहेत. गावात एकच घाणा आणि दोन शेतकऱ्यांच्या गाड्या दारात उभ्या, अशी कल्पना करा. एकाच्या वीस गाड्या आणि दुसऱ्याची एक असेल तर त्या एकीचा क्रमांक केव्हा लागणार? सूर्यफुलाच्या तेलात रोज तळण होणाऱ्या आणि जवस ज्यांच्या दारात कधी येत नाही अशा घरांत नेमके हेच होते.

येथे दोन गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत. पहिली, ओमेगा-६ हे विष नव्हे. तेही अत्यावश्यक आहे आणि तुपाच्या वा पामतेलाच्या जागी करडईचे तेल घेतल्यास रक्तातील घातक कोलेस्टेरॉल उतरते. दुसरी, जवसापासून डीएचए फारच थोडे बनते, हे खरे. पण प्रौढ मेंदूला त्याची रोजची गरजही काही मिलिग्रॅमइतकीच आहे. म्हणून शाकाहारी माणसाने घाबरून जाण्याचे कारण नाही. आहारात मूळ द्रव्य मात्र असले पाहिजे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. गफूरुन्निसा यांनी अनेक वर्षे भारतीय आहारातील स्निग्धांशाचा अभ्यास केला आणि आपल्या थाळीत या कुळाची उणीव आहे, ती मोहरी, सोयाबीन यांसारख्या तेलांच्या मिश्र वापराने भरून काढता येईल, असे सातत्याने मांडले. "एकच तेल बारा महिने वापरू नका" हा आज सर्वत्र ऐकू येणारा सल्ला अशा संशोधनातूनच आला आहे.

डालड्याचा धडा

आता त्या माउलीच्या डालड्याकडे वळू. वनस्पती तूप म्हणजे पातळ तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट केलेले. डालडा भारतीय बाजारात आला १९३७ साली. तुपासारखे दिसणारे, तुपापेक्षा स्वस्त आणि न विटणारे असे हे द्रव्य मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात दोन पिढ्या राहिले. त्याचा पिवळा डबा रिकामा झाल्यावर त्यात तुळस लावण्याचीही पद्धत होती, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. महात्मा गांधींनी वनस्पतीला विरोध केला होता. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या सुमारास त्यावर बंदी घालण्याचे विधेयकही संसदेत आले. ते संमत झाले नाही. त्या काळचा आक्षेप मुख्यतः शुद्ध तुपातील भेसळीचा होता. या घट्ट करण्याच्या प्रक्रियेत ट्रान्स मेदाम्ले तयार होतात आणि ती हृदयाच्या धमन्यांना घातक ठरतात, हे ज्ञान नंतरच्या दशकांतले.

मेंदूच्या बाबतीतही संशयाची सुई तिकडेच वळते. जपानमधील हिसायामा या गावात साठ वर्षांवरील १६२८ नागरिकांच्या रक्तातील ट्रान्स मेदाम्ल मोजून त्यांचा सुमारे दहा वर्षे पाठपुरावा करण्यात आला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ३७७ जणांना स्मृतिभ्रंश झाल्याचे आढळले आणि ज्यांच्या रक्तात हे द्रव्य सर्वाधिक होते त्यांना, ते सर्वांत कमी असलेल्यांच्या तुलनेत, दीडपट धोका दिसून आला. आपल्याकडे भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने टप्प्याटप्प्याने मर्यादा खाली आणली. जानेवारी २०२१ पासून तेल व स्निग्ध पदार्थांत ट्रान्स मेदाम्लांचे प्रमाण तीन टक्के आणि जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांहून अधिक नसावे, असा नियम आहे.

तेव्हा डबाबंद मालावर कायद्याचा अंकुश आला आहे. पण भजी-वड्यांच्या गाड्यावरील कढईत तेच तेल दिवसभर उकळत असते आणि आपल्या घरीही दिवाळीच्या चकल्यांचे तळलेले तेल गाळून पुढे पंधरा दिवस फोडणीला वापरले जाते. वारंवार तापविलेले तेल विघटित होत जाते, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. त्याचा काळपट रंग, फेस आणि वास तेच सांगत असतात.

कॅप्सूलने काय साधले?

मुलाने पाठविलेल्या कॅप्सूलचे काय? येथे शास्त्राचा निर्वाळा जसा आहे तसा सांगणे माझे कर्तव्य आहे.

लोकांच्या आहाराची नोंद ठेवून त्यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणारे अभ्यास आशादायक आहेत. अमेरिकेतील शिकागो येथे पासष्ट वर्षांवरील ८१५ जणांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकदा तरी मासे खाणाऱ्यांत अल्झायमरचा धोका, क्वचित खाणाऱ्यांपेक्षा, साठ टक्क्यांनी कमी आढळला आणि संपृक्त मेद सर्वाधिक खाणाऱ्यांत तो दुपटीहून अधिक दिसला. फ्रान्समधील तीन शहरांतील आठ हजारांवर वृद्धांचा अभ्यास २००७ चा. त्यातही मासे, फळे-भाज्या आणि जवस-अक्रोडासारखी तेले नियमित घेणाऱ्यांचे पारडे जड राहिले. तेलांबाबतचा निष्कर्ष मात्र निर्णायक नव्हता. उलट हॉलंडमधील रॉटरडॅम शहरातील ५३९५ जणांच्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कोणत्याही मेदाचा स्मृतिभ्रंशाशी संबंध आढळला नव्हता. शिवाय जो माणूस नेमाने मासे, अक्रोड आणि भाज्या खातो, तो बहुधा फिरायलाही जातो आणि रक्तदाबाची गोळीही वेळेवर घेतो. श्रेय कोणाचे, हे अशा अभ्यासांतून वेगळे काढणे कठीण असते.

ते वेगळे काढण्याचा मार्ग म्हणजे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाला खरी कॅप्सूल आणि दुसऱ्याला दिसायला तशीच पण निष्क्रिय कॅप्सूल द्यायची. असे प्रयोग झाले आहेत. ब्रिटनमध्ये सत्तर ते एकोणऐंशी वयाच्या ८६७ निरोगी व्यक्तींना दोन वर्षे ओमेगा-३ देण्यात आले; स्मरणशक्तीत फरक पडला नाही. अमेरिकेत अल्झायमर झालेल्या ४०२ रुग्णांना दीड वर्ष रोज दोन ग्रॅम डीएचए दिले गेले. आजाराची गती मंदावली नाही. हे दोन्ही निष्कर्ष २०१० चे. फ्रान्समध्ये १६८० वृद्धांवर तीन वर्षे चाललेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातही केवळ कॅप्सूलचा उपयोग दिसला नाही.

या दोन प्रकारच्या पुराव्यांचा मेळ कसा घालायचा? मला जो अर्थ लागतो तो असा. स्मृतिभ्रंशाची लक्षणे दिसण्यापूर्वी दहा-वीस वर्षे मेंदूत बदल सुरू झालेले असतात. भिंतीला तडे गेल्यावर चुन्याची एक वाटी घेऊन धावण्यात अर्थ नसतो. ज्या वर्षांत घर बांधले जाते आणि राखले जाते, त्या वर्षांत माल चांगला लागतो. लॅन्सेट नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची चौदा टाळता येण्याजोगी कारणे दिली. त्यात त्या वर्षी दोन कारणांची भर पडली. एक, उपचार न झालेला दृष्टिदोष आणि दुसरे, मध्यम वयातील वाढलेले घातक कोलेस्टेरॉल. मध्यम वयातील, हे लक्षात घ्या. म्हणून आजचे माझे व्याख्यान पुढच्या रांगेतील आजी-आजोबांपेक्षा त्यांना येथे घेऊन आलेल्या चाळिशी-पन्नाशीतील मुला-सुनांसाठी अधिक आहे. घरातील तेलाचा डबा आजोबांसाठी बदलायचा असे तुम्ही समजत असाल, तर मी म्हणेन की तो स्वतःसाठी बदला.

शाकाहारी घराची अडचण

त्या शिक्षकांच्या रक्ततपासणीत ब-१२ जीवनसत्त्व फारच खाली गेलेले आढळले. रक्तदाबही वाढलेला होता आणि त्यावर उपचार चालू नव्हते. सहा महिने परदेशी कॅप्सूल चालू होत्या. पण शेजारच्या प्रयोगशाळेत साधी तपासणी कोणी करून घेतली नव्हती.

हा अपवाद समजू नका. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली होती. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत ब-१२ कमी आढळले आणि हे प्रमाण सर्वांत जास्त होते ते शहरी मध्यमवर्गात, म्हणजे आपल्यासारख्या घरांत. ब-१२ वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसते. ते दुधा-दह्यातून थोडे मिळते. पण वय वाढले की पोटातून त्याचे शोषणही घटते. ते कमी झाले की रक्तात होमोसिस्टीन नावाचे द्रव्य वाढते. त्याचा संबंध मेंदू आक्रसण्याशी जोडला गेला आहे.

स्निग्ध पदार्थांशी याचे नाते आहे. ऑक्सफर्ड येथे विस्मरण सुरू झालेल्या सत्तरीपुढील व्यक्तींना ब गटातील जीवनसत्त्वे दोन वर्षे देण्यात आली. मेंदू आक्रसण्याची गती सरासरी तीस टक्क्यांनी मंदावल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. पुढे २०१५ मध्ये त्याच व्यक्तींचे रक्त पुन्हा तपासले, तेव्हा दिसले की ज्यांच्या शरीरात ओमेगा-३ पुरेसे होते त्यांनाच हा लाभ झाला होता. प्रयोग लहान होता, त्यावरून अंतिम सिद्धांत मांडता येणार नाही. पण स्नेह एकट्याने काम करीत नाही, त्याला सोबती लागतात, एवढे त्यातून कळते.

अभिमान आणि परीक्षा

आपल्यासमोर एक गोष्ट थोडे धाडस करून मांडतो. आपल्या परंपरेचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असलाच पाहिजे. परंतु परंपरेच्या नावावर काहीही खपविले जाऊ लागले की परंपरेचीच हानी होते. "गाईचे तूप कितीही खा, ते बाधत नाही", "खोबरेल तेलाने अल्झायमर बरा होतो" असे संदेश आपल्याच गटांतून सर्वाधिक फिरतात. आयुर्वेदाने तुपाला स्मृती आणि बुद्धी वाढविणारे म्हटले आहे, हे खरे. पण त्याच चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायाचे नाव "मात्राशितीय" आहे, म्हणजे आहार मात्रेत घ्यावा हे सांगण्यासाठीच तो लिहिला गेला. दिवसभर नांगर धरणाऱ्याची मात्रा आणि दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्याची मात्रा एक कशी असेल? तुपातील साठ टक्क्यांहून अधिक मेद संपृक्त असतो. वरण-भातावर एक चमचा तूप हे आपले संस्कारधन आहे. वाटीभर तूप हा त्याचा अपभ्रंश आहे.

दुसरे उदाहरण बल्लभगढचे. हरियाणातील या भागात अल्झायमरचे प्रमाण जगात अत्यल्प असल्याचा अहवाल २००१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि "आपल्या हळदीची ही किमया" असे आपण म्हणू लागलो. त्यानंतर देशव्यापी पाहणी झाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार साठ वर्षांवरील भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत ते अधिक आहे. या ८८ लाखांपैकी कितीतरी घरांत "म्हातारपण म्हणजे असे व्हायचेच" म्हणून तपासणीही होत नसेल. खोट्या समाधानाची किंमत ही असते. आपल्या पूर्वजांनी निरीक्षण केले, तर्क लढविला, वाद घातले आणि मग ग्रंथ लिहिले. ग्रंथ मिरवायचा आणि पद्धत टाकून द्यायची, याला परंपरेचे पालन म्हणता येणार नाही.

घाण्यापासून आयातीपर्यंत

मी विदर्भातला. माझ्या लहानपणी घरी जवसाचे तेल असे. त्याच्या उग्र वासाने आम्ही मुले नाक मुरडत असू. रब्बीत जवसाचे निळे फुललेले शेत आणि गावातला घाणा, दोन्ही पाहता पाहता दिसेनासे झाले. १९८६ मध्ये तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू झाले आणि नव्वदीच्या आरंभी देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. पुढे आयात खुली झाली, स्वस्त पामतेलाचा पूर आला आणि आज आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल परदेशातून येते. पामतेलाचा जवळजवळ निम्मा मेद संपृक्त असतो आणि ओमेगा-३ त्यात नगण्य. फरसाण, बिस्किटे, हॉटेलातील तळण यांतून ते आपल्या नकळत पोटात जाते. म्हणजे एकाच वेळी शेतकऱ्याच्या हातचे पीक गेले, देशाचे परकीय चलन गेले आणि आपल्या थाळीतील एक दुर्मीळ मेदाम्लही गेले.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये तेलबियांसाठी १०,१०३ कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले. फेब्रुवारी २०२५ च्या "मन की बात"मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी प्रत्येक कुटुंबाने तेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करावा, असे आवाहन केले. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे आपला दरडोई वापर वर्षाला १९ किलोंवर गेला आहे. पुण्यात भारती विद्यापीठाने जवसाच्या मूल्यवर्धनावर काम केले आहे. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्या आपल्यासारख्यांनी घरात महिन्याला अर्धा किलो जवस आणले, तर घोषणेपेक्षा ते अधिक बोलके ठरेल.

उद्यापासून काय करावे?

आता व्यवहाराचे बोलू.

पहिले, मोजा. बैठे काम करणाऱ्या प्रौढाला तेल-तूप-लोणी सर्व मिळून दिवसाला २० ते २५ ग्रॅम पुरे. म्हणजे चौघांच्या घराला महिन्याला तीन किलोंहून अधिक लागू नये. पुढच्या महिन्यात डब्यावर तारीख घाला आणि तो किती दिवस पुरतो ते पाहा.

दुसरे, आलटून पालटून वापरा. शेंगदाणा, तीळ, करडई ही आपलीच तेले आहेत. त्यांच्या जोडीला मोहरी किंवा सोयाबीनचे तेल घरात येऊ द्या. तळण सणावारी ठेवा आणि तळलेले तेल पुन्हा तळणीला वापरू नका.

तिसरे, जवसाची चटणी. जवस मंद आचेवर भाजून, कुटून रोज एक मोठा चमचा पानात वाढा. एवढ्यात दीड ग्रॅमच्या आसपास ओमेगा-३ मिळते. अखखे जवस तसेच पोटातून निघून जाते, म्हणून कुटणे आवश्यक. आणि कूट लवकर खवट होतो, म्हणून आठवड्यापुरताच करावा. जवसाचे तेल तळणीला घेऊ नये. कारळाची चटणी रुचकर आणि गुणकारी आहे, पण ती जवसाची जागा घेत नाही; तिच्यातील मेद पहिल्या कुळातला. कोकणातील व इतरही मांसाहारी कुटुंबांनी आठवड्यातून एक-दोनदा बांगडा वा तारली खावी, आणि ती तळून खाण्यापेक्षा कालवणात. रक्त पातळ करण्याची औषधे घेणाऱ्यांनी कोणतीही ओमेगा-३ ची कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये.

चौथे, साठीपुढील प्रत्येकाची वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि ब-१२ ची तपासणी. कानाचीही करा. ऐकू येईनासे झाले की माणूस संभाषणातून बाहेर पडतो आणि मेंदूचा व्यायाम थांबतो.

पाचवे, एकट्या तेलावर भिस्त ठेवू नका. फिनलंडमध्ये साठ ते सत्त्याहत्तर वयाच्या १२६० व्यक्तींवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आहार, व्यायाम, बुद्धीला चालना देणारे उपक्रम आणि रक्तदाबादींवर लक्ष या सर्वांचा एकत्र अवलंब केला, तेव्हा दोन वर्षांत बुद्धीच्या चाचण्यांत थोडी, पण निश्चित सुधारणा दिसली. रोज ठरावीक वेळी मैदानावर जाणे, चार माणसांत मिसळणे, नवीन गीत पाठ करणे, हिशेब ठेवणे या सवयींचे मोल येथे कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. प्रभात शाखेत येणाऱ्या ज्येष्ठांना तेवढी एक गोष्ट सोडू नका, इतकेच सांगेन. आणि आपल्या कार्यकर्त्यांना सांगेन की, एखादे ज्येष्ठ चार दिवस दिसले नाहीत, तर त्यांच्या घरी जा.

शेवटी त्या प्रश्नाकडे

त्या शिक्षकांना ब-१२ ची इंजेक्शने आणि रक्तदाबाची औषधे सुरू झाली. पहिल्या काही महिन्यांत त्यांची मरगळ गेली, चालणे स्थिरावले, ते पुन्हा सकाळी बाहेर पडू लागले. हरवलेली स्मृती मात्र पूर्णपणे परत आली नाही. पुढच्या वर्षांत आजार सरकत गेला आणि एका पहाटे ते गेले. अखेरच्या काळात त्यांना मुलाचे नाव आठवत नसे. पण ताट समोर आले की हात जोडून पंधरावा अध्याय सुरू होत असे. कोठे अडखळलेच, तर पत्नी पुढचा शब्द सांगे.

त्या माउलीला मी आज सांगेन की, आजी, तुमचे काही चुकले नाही. जे बाजारात होते, जे परवडत होते आणि जे त्या काळी चांगले म्हणून सांगितले जात होते, ते तुम्ही रांधले. एका माणसाच्या आजाराचा दोष एका डब्यावर टाकता येत नाही आणि एका सुगरणीवर तर मुळीच नाही. वय, आनुवंशिकता, रक्तदाब, जीवनसत्त्वे, सगळ्यांचा त्यात वाटा असतो. पण जे तुम्हाला ठाऊक नव्हते ते आज आम्हाला ठाऊक आहे. त्यामुळे आता चूक झालीच, तर ती आमची असेल.

तेव्हा बंधु-भगिनींनो, आज घरी गेल्यावर तेलाच्या डब्याकडे एकदा पाहा. आणि घरातील वडीलधाऱ्यांनी एकच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला तर "आत्ताच सांगितलं ना!" असे न म्हणता त्यांच्याशेजारी दोन मिनिटे बसा आणि पुन्हा सांगा. त्याच आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडेही घेऊन जा.